सुतळी खाली उतरली

माझी धाकटी जाऊ रस्त्याने सरळ जाऊच शकत नाही. पाय ठणठणीत आहेत तिचे, नजर तर घारीची. पण द्राक्षाची एखादी काडी तारेवरून निसटून लोंबताना दिसली की हिचा जीव तिच्याबरोबर लोंबायला लागतो. मग आपण कुठे निघालोय, कोण वाट बघतंय, गॅसवर काय ठेवलंय, सगळं विसरली. ती थांबणार, काडी उचलून तारेला लावणार, खिशातून सुतळीचा तुकडा काढून दोन वेढे आणि एक गाठ मारणार. वर काडीला हलकेच एक चापटी, शाळेत निघालेल्या पोराला द्यावी तशी. माझ्या मुलीच्या लग्नाला सगळ्यात शेवटी पोचली ती हीच, नव्या कपड्यांवर हिरवे डाग घेऊन. वर मलाच म्हणाली, ताई, वाटेत काम निघालं.

तिला सगळे सुतळी म्हणतात. अंगाने तशीच आहे, लांब, बारीक आणि तुटता तुटत नाही अशी. पण नाव पडलं ते धुण्याच्या मशीनमुळे. माझे धाकटे दीर, म्हणजे तिचा नवरा, लोकांची मशीनं दुरुस्त करतात. घरचं मशीन बंद पडलं तेव्हा भावोजींनी ते मोठ्या ऐटीत उघडलं, तर आत सुतळीचा हा एवढा बोळा, चिमणीचं घरटं असावं तसा. भावोजी तो बोळा हातात धरून अंगणात आले आणि म्हणाले, "ही बघा, माझी बायको." त्या दिवसापासून सुतळी.

लग्न होऊन आली तेव्हापासून ती मळ्यात छाटणी करते. आमच्या गावाच्या चारी बाजूंना टेकड्यांवर द्राक्षमळेच आहेत, वाईनच्या द्राक्षांचे. मीही तिथेच काम करते, पण मी मळ्याच्या अतिथीगृहात चादरींना इस्त्री करते, सावलीत, रेडिओ लावून. सुतळीला सावली मानवत नाही. थंडीत बोटं गारठलेली असताना हातात कात्री घेऊन ती ओळीच्या ओळी छाटत जायची, आणि उन्हाळा आला की वाढलेल्या काड्या बांधत परत यायची. मी विचारायचे, अगं, कंटाळा नाही येत? ती म्हणायची, तुम्हाला चादरींचा येतो का? आता चादरीचा कंटाळा येतो हे मी कशाला कबूल करू.

गेल्या थंडीत तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याने संप पुकारला. कात्री दाबली की कळ थेट कोपरापर्यंत. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, उजेडात धरला आणि सांगितलं की सांधा झिजलाय, कात्री बंद. सुतळीने विचारलं, बांधणी चालेल का? चालेल म्हणाल्या. पण नुसत्या बांधणीवर वर्षभर कोण कामावर ठेवणार? त्या संध्याकाळी तिने कात्री पुसली, तेल घातलं, फडक्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा काढली, पुन्हा तेल घातलं. भावोजी आणि मी टीव्हीकडे बघत बसलो. टीव्ही बंद होता.

मळ्याच्या मालकीणबाई वाईट नाहीत हो. त्यांनी सुतळीला लेबलच्या खोलीत बसवलं. तळघरातली खोली, वर पांढऱ्या नळ्यांचा उजेड, समोरून बाटल्या खडखडत येतात, लेबल वाकडं बसलं असेल तर तळहाताने सरळ करायचं. काम हलकं, खुर्ची गादीची. मी असते तर तिथेच रिटायर झाले असते. सुतळी दोन दिवसांत पाणी न घातलेल्या कुंडीसारखी दिसायला लागली. घरी आल्यावर विचारते, आज बाहेर ऊन होतं का हो? अगं, ऊन होतं का हे तू मला विचारतेस? भावोजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, वहिनी, ही रात्री झोपेत बाटल्या सरळ करते.

अशात मळ्यावर त्या सायकली आल्या. खडीच्या, मातीच्या रस्त्यावर चालणाऱ्या, ग्रॅव्हल बाईक म्हणतात त्यांना. टायर जाडे, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, आणि वजन इतकं कमी की पहिल्यांदा उचलली तेव्हा मला वाटलं काहीतरी बसवायचं राहून गेलंय. मालकीणबाईंच्या डोक्यात आलं होतं की पाहुण्यांना नुसती वाईन पाजून झोपवण्यापेक्षा सकाळी फिरवून आणावं. आधी मळा, मग जंगल, मग नदीकाठची वाट आणि जेवायला परत. बरोबर वाट दाखवणारं कोणीतरी हवं. शहरातला एक गडी होता, अशा सहली काढणारा, त्याच्याशी त्यांचं बोलणं चाललं होतं.

सुतळीने हे तळघरात ऐकलं आणि तळहाताला गोंद तसाच ठेवून वर गेली. म्हणाली, मी करते. मालकीणबाईंनी तिच्या अंगठ्याकडे बघितलं. ती म्हणाली, ब्रेकला बोटं लागतात, अंगठा नाही लागत. बरं, सायकल तिला नवी नव्हती. कामावर जायला आयुष्यभर तिने सायकलच हाणली होती, करकरणारी, चिखलपट्ट्या नसलेली. तिला मातीची वाट ठाऊक, पावसानंतर कुठे घसरतं ते ठाऊक. मालकीणबाई म्हणाल्या, चला, आधी मलाच फिरवून आणा.

आणि झालं काय? दर दहा वेलींमागे बाई खाली. मालकीणबाई एक पाय जमिनीवर टेकून उभ्या, आणि ही आपली काडी उचलतेय, गाठ मारतेय, चापटी देतेय. जंगल लागायच्या आधीच जेवायची वेळ झाली. मालकीणबाई चिडल्या नाहीत, पण साफ सांगितलं. या रविवारी सहा पाहुणे आहेत. त्यांना घेऊन जायचं आणि जेवण वाढायच्या वेळेला अंगणात आणायचं, कारण जेवून लगेच त्यांची बस आहे. मळ्यात काम करायला खाली उतरायचं नाही. जमलं तर काम तुमचं. नाही जमलं तर सोमवारी मी शहरातल्या त्या गड्याला फोन करते आणि तुम्ही लेबलला.

आता वाटेतली एक अडचण सांगायला हवी. नदीकडून आमच्या मळ्यावर परत येताना एक चढाची गल्ली लागते. डावीकडे आमच्या वेली, उजवीकडे शेजाऱ्याच्या. गल्लीच्या टोकाला शेजाऱ्याचं फाटक आहे. त्यातून गेलं की पाच मिनिटांत आमचं अंगण. पण त्या फाटकाला साखळी असते. मालकीणबाईंच्या वडिलांनी एकदा शेजाऱ्याला सांगितलं होतं की तुझ्या अक्रोडाच्या झाडाची सावली माझ्या वेलींवर पडते, ते तोड. शेजाऱ्याने झाड ठेवलं आणि बोलणं तोडलं. वडील गेले, झाड आहे, साखळी आहे. आम्ही त्याला अक्रोडवाला म्हणतो. समोर आला की तो आकाशाकडे बघतो, जणू आम्ही म्हणजे पावसाचे ढग. मग फाटकापासून वळायचं आणि मोठ्या रस्त्याने लांबचा वळसा घालायचा, जिथे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. मालकीणबाईंना तेवढ्या तुकड्याचीच धास्ती होती. पाहुणे तिथेच घाबरतात म्हणायच्या, पण दुसरी वाटच नाही.

रविवारी सकाळी आम्ही सुतळीची झडती घेतली. भावोजींनी जॅकेट उलटं करून झटकलं, मी पँटचे खिसे बघितले. खिशातून सुतळी, सायकलच्या पिशवीतून सुतळी, मोज्यातूनसुद्धा सुतळी निघाली. सगळी मी पिठाच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. भावोजी म्हणाले, आता हात बांधल्यासारखेच आहेत, आणि तेही सुतळीशिवाय. तिला हसू आलं नाही. तिने नुसतं विचारलं, ताई, तुम्ही येताय ना मागून? मला बॅटरीवाली सायकल दिली होती, सगळ्यांच्या मागे राहून कोणी सुटलं तर बघायला. घोळक्याचं शेपूट म्हणून माझ्यात भरपूर ऐवज आहे.

पाहुणे झकास होते. दोघी दंतवैद्य मैत्रिणी, हसताना एकमेकींचे दात बघणाऱ्या. एक नवं जोडपं, त्यांना चढ-उतार काही कळतच नव्हतं. दंतवैद्यांपैकी एकीची आई, सत्तरीची, सगळ्यांत चपळ. आणि एक घड्याळवाले गृहस्थ. त्यांचं घड्याळ बोलायचं. थोडं अंतर गेलं की घड्याळ वेग सांगायचं, आणि घड्याळाने सांगून झालं की तेच पुन्हा गृहस्थ सांगायचे.

मळ्यातून निघालो. दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती, मधे लालसर मातीची वाट, टायरखाली खडी पापड मोडल्यासारखी वाजतेय. फुलोरा नुकताच झडला होता आणि मोहरीच्या दाण्याएवढे हिरवे मणी घडांवर दिसायला लागले होते. सुतळी पुढे. मी मागून तिची मान बघत होते. एक काडी लोंबत होती, मान वळली. दुसरी दिसली, मान वळली आणि सायकलही थोडी वळली. तिसरीला तिने मान पुढे धरली, पण हात हँडलवरून सुटला आणि चालत्या सायकलवरून तिने ती काडी तारेच्या मागे सरकवली. उतरली नाही हो, शपथेवर सांगते. घड्याळवाल्यांना वाटलं ती वळण्याची खूण करतेय. तेही उजवीकडे वळले, थेट वेलीत.

जंगलात मात्र तिचा जीव मोकळा झाला, कारण तिथे बांधायला काही नव्हतं. झाडांमधून ऊन नाण्यांसारखं खाली पडलेलं, वाट मऊ, मधे मुळं. तिने सगळ्यांना थांबवून दाखवलं, मुळं आली की सीटवरून उठायचं, गुडघे सैल सोडायचे, सायकलला खाली नाचू द्यायचं, आपण वर फक्त पाहुणे. त्या आजी इतक्या सुरेख नाचवत गेल्या की त्यांच्या मुलीने टाळ्या वाजवायला दोन्ही हात सोडले आणि ती पानांच्या ढिगाऱ्यात बसली. नवं जोडपं ओढ्यात गेलं. पूल बाजूलाच होता, पण एकमेकांकडे बघत असल्यामुळे दिसला नाही. चिखलात बसून दोघं असे हसत होते की उठवावंसं वाटेना. मी सुद्धा उतारावर एकदा ओरडले. भीतीने नाही. शाळा सुटल्यावर ओरडतात ना, तसं. सुतळीने मागे वळून बघितलं आणि मोठ्याने हसली. लेबलच्या खोलीनंतर तिचं हे पहिलं हसू.

नदीकाठची वाट सपाट. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उंच झाडांची रांग, मधे वारा. गळ टाकून बसलेल्या माणसाने आमचा गोंधळ ऐकून आधीच गळ काढून घेतला. आजींना पाण्यात पाय बुडवायचे होते. एकीने बुडवले की सगळ्यांनाच बुडवायचे असतात. सुतळी काठावर उभी राहून सूर्याकडे बघत होती. घड्याळवाल्यांनी, न विचारता, सांगितलं की हाच वेग राहिला तर जेवणाला जेमतेम पोचू. ती म्हणाली, पोचू, आता कुठेच थांबायचं नाही.

आणि मग ती गल्ली आली.

आदल्या संध्याकाळी वादळ झालं होतं. आमच्या बाजूला काही नव्हतं. पण अक्रोडवाल्याच्या बाजूची खालची तार तुटली होती आणि अख्खी ओळ, कोवळे शेंडे आणि इवले घड घेऊन, वाटेवर आडवी पडली होती. रुंद वाट, पण पार डाव्या कडेपर्यंत हिरवं. पुढे जायचं तर त्या काड्यांवरून टायर न्यायला हवे. सुतळीने ब्रेक दाबला. बाकीचे तिच्या मागे एकेक करून थांबले.

मी मागून पुढे आले आणि हळूच म्हणाले, "अगं, ही आपली नाही. अक्रोडवाल्याची आहे."

"दिसतंय मला."

"मग सायकली उचलून घेऊ या, वरून पाय टाकत जाऊ. सोमवारचा फोन आठवतोय ना?"

वाऱ्याने एक शेंडा खडीवर घासला जात होता. तिने त्याच्याकडे बघितलं, वर चढाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चेहरा भर वर्गात बाईंनी पकडलेल्या मुलीसारखा.

"ताई," म्हणाली, "यांच्यावरून मला नाही जाता येणार."

आणि सुतळी खाली उतरली.

वरची तार शाबूत होती. तिने पहिली काडी दोन्ही हातांनी उचलली, तान्हं मूल उचलतात तशी, आणि घड्याळवाल्यांना म्हणाली, धरा ही, वाकवू नका. घड्याळवाल्यांनी धरली. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाने जाहीर केलं की तुम्ही थांबला आहात. त्यांनी ते काढून खिशात टाकलं. मग सुतळीचा हात सवयीने खिशात गेला आणि तसाच बाहेर आला. सगळी सुतळी पिठाच्या डब्यात. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी झाडाकडे बघायला लागले.

दंतवैद्य बाईंनी केसांतलं गुलाबी रबर काढलं. हे चालेल का? सुतळीने ताणून बघितलं, चालेल म्हणाली. मग काय, सगळ्यांना सुचत गेलं. दुसरीचं रबर, नव्या नवऱ्याच्या बुटांची नाडी, मलमपट्टीच्या पेटीतली पट्टी, आजींच्या गळ्यातल्या रुमालाचे उभे फाडलेले तुकडे. सुतळी पुढे पुढे जात दाखवत होती, दोन वेढे, एक गाठ, आवळायची नाही, काडीला जाड व्हायला जागा ठेवायची. शेवटची काडी उरली, चांगली जाडजूड, घडांनी लगडलेली, आणि बांधायला काही नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या पँटला लांब, पांढरी, नवी कोरी नाडी होती. आता काय सांगू. ज्या बाईने सुतळी डब्यात टाकली तिच्यावर हे यायचंच होतं.

मी एका हाताने पँट धरून उभी असतानाच फाटकाची साखळी वाजली. अक्रोडवाला येत होता, खांद्यावर तारेचं भेंडोळं, हातात पक्कड. आमच्याकडे बघून तो थांबला. आज मात्र त्याने आकाशाकडे बघितलं नाही. चिखलाने माखलेलं जोडपं, बिननाडीचे बूट, सुटलेले केस आणि त्याच्या ओळीवर फुलपाखरं बसावीत तशी गुलाबी रबरं. तो एकेक गाठ तपासत खाली आला. नव्या नवऱ्याने मारलेली गाठ त्याने सोडून परत मारली. बाकीच्यांना हात लावला नाही. शेवटच्या काडीपाशी बराच वेळ उभा राहिला.

"ही नाडी कोणाची?" त्याने विचारलं.

माझ्या पँटनेच उत्तर दिलं असतं, मी घट्ट धरली म्हणून वाचले.

सुतळी पुढे झाली. म्हणाली, रबरं उन्हाने तुटतील, आज एवढंच होतं. मी उद्या येऊन सुतळीने बांधते. तुम्ही तार ओढून ठेवा.

अक्रोडवाल्याने तिच्याकडे नीट बघितलं. इतकी वर्षं शेजारच्या ओळीत वाकलेली तिची पाठ त्याला माहीत असणार, तोंड पहिल्यांदाच बघत होता.

"उद्या कशाने येणार?"

"सायकलने."

"मोठ्या रस्त्याने?"

"दुसरी वाट कुठे आहे?"

तो वळला आणि चढ चढायला लागला. आम्हाला वाटलं, संपलं. फाटकापाशी जाऊन त्याने साखळी पूर्ण काढली, हातावर गुंडाळली आणि न वळताच बोलला, "या तर मग. जेवायची वेळ झाली ना तुमची? स्वयंपाकाचा वास इथवर येतोय."

आम्ही गेलो हो त्या फाटकातून. अक्रोडाच्या सावलीखालून, एकामागोमाग एक. मी एका हाताने सायकल आणि दुसऱ्याने अब्रू सांभाळत. सावली मोठी गार होती. वेलींचं माहीत नाही, पण माणसांवर ती पडायलाच हवी अशी.

मालकीणबाई अंगणाच्या पुढच्या दाराशी उभ्या राहून मोठ्या रस्त्याकडे बघत होत्या. मागे टेबलावर ताटं मांडून झाली होती. आम्ही त्यांच्या पाठीमागून आलो, ज्या बाजूने त्यांच्या लहानपणापासून कोणी आलं नव्हतं. घंटी वाजवली तशा त्या दचकून वळल्या. आधी आम्हाला बघितलं, मग आमच्या मागे त्या वाटेकडे, मग सुतळीच्या हातांकडे. हात हिरवे.

"खाली उतरलात ना?" त्या म्हणाल्या.

"उतरले," सुतळी म्हणाली. "आपल्या मळ्यात नाही उतरले. त्यांच्या उतरले."

आजींनी तेवढ्यात ताट ओढून घेतलं होतं आणि नव्या नवरीला सांगत होत्या की गाठ आवळायची नाही, काडीला जाड व्हायला जागा ठेवायची. घड्याळवाले विचारत होते की पुढच्या खेपेला द्राक्षतोडणीच्या दिवसांत आलं तर चालेल का, आणि हीच बाई असेल ना. मालकीणबाईंनी पाण्याचा जग उचलून स्वतः सुतळीचा पेला भरला. मग एकच गोष्ट विचारली.

"फाटक त्यांनी बंद केलं का परत?"

"साखळी घरी घेऊन गेले."

सोमवारी फोन झालाच नाही. मालकीणबाई त्या दिवशी एक बाटली घेऊन फाटकातून पलीकडे चालत गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, आणि मला कळलं नाही म्हणजे कोणालाच कळलं नसणार. एवढंच ठाऊक की येताना त्यांच्या हातात अक्रोडांची पिशवी होती.

आता सुतळी आठवड्यातून चार दिवस पाहुणे घेऊन जाते, पुढे पुढे, उन्हात भाजून खापरासारखी झालेली. मोठ्या रस्त्याचा वळसा आता उरलाच नाही. जाहिरातीच्या कागदावर मालकीणबाईंनी "वाटेत वेलींची बांधणी" असं छापून टाकलंय, त्यामुळे ती कितीदाही उतरली तरी ते आता कामातच धरतात. पाहुणे येतात तेच आपापल्या खिशात सुतळी आणलीय ना, हे चाचपत. घरचं धुण्याचं मशीन त्यानंतर दोनदा बंद पडलं. भावोजी कुरकुरत उघडतात आणि बोळा काढून खिडकीत ठेवतात, शोभेला.

अक्रोडवाल्याच्या ओळीतली रबरं सुतळीने दुसऱ्याच दिवशी बदलली, बुटाची नाडी पोस्टाने गेली. माझी मात्र तिथेच राहिली. सुतळी ती सोडायला गेली तर तो म्हणाला, राहू दे, चांगली गाठ आहे. आता येता-जाता प्रत्येक घोळक्यातलं कोणीतरी विचारतंच, ही पांढरी नाडी कसली? आणि सुतळी, जिला मी पाठच्या बहिणीसारखं वागवलं, ती सायकल थांबवते, खाली उतरते आणि पहिल्यापासून सगळं सांगते.